बोअरच्या गाडीची काठी

आपलं एक आहे. काम कुठलंही असो, सांगणारा कुणीही असो, आपलं उत्तर ठरलेलं असतं, "झालं समजा!"

"बघतो", "करतो", "जमलं तर कळवतो" असलं मुळमुळीत बोलणं आपल्याला जमतच नाही. "झालं समजा" म्हटलं की समोरच्याला धीर येतो, आपल्यालाही काम उरकल्यासारखं वाटतं आणि दोघंही चहा प्यायला मोकळे! आता एवढं झाल्यावर ते काम प्रत्यक्षातही करायचं, ही लोकांची अपेक्षा मला जरा जास्तीच वाटते. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

तर मी मल्लिनाथ, राहणार तामलवाडी. धंदा बोअर मारून देण्याचा. गाडी मात्र माझी नाही, माझ्या मेहुण्याची. मेहुणा विरेश नळदुर्गचा, भारी कष्टाळू माणूस. गाडीबरोबर रानोमाळ हिंडून त्याची कंबर धरली, डॉक्टरनं त्याला खाटेवर पाडलं आणि आता गाडी कुणी फिरवायची असा प्रश्न आला. तेव्हा माझ्या बायकोनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, माझं नाव पुढं केलं. "ह्यांच्याकडं दे, करतील नीट," असं ती म्हणाली. म्हणताना तिचा आवाज जरा बारीक झाला होता, पण म्हणाली. तेव्हापासून दोन्ही घरच्या चुली त्या एका गाडीवर पेटतात.

किल्ली देताना विरेशनं खाटेवरूनच माझा हात धरला.

"दाजी, बाकी काय बी करा, पर गाडीची नोंदणी संपाय आलीय. नूतनीकरणाचं तेवढं बघा. बिगर नोंदणीची गाडी घावली की जाग्यावर जप्त करत्यात. मग आपली दोनी घरं बसली म्हणून समजा!"

"झालं समजा!" मी म्हणालो.

माझी बायको ज्ञानेश्वरी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर ते काम मी इतकं झालं समजलो, की साफ विसरून गेलो!

आठवण झाली ती गेल्या चैत्रातल्या एका शनिवारी, कटिंगच्या दुकानात. निम्मी दाढी झालेली, निम्म्या गालावर साबण, आणि बाकावरचा एक जण पेपर वाचून दुसऱ्याला सांगतोय, "बोअरच्या गाड्या तपासाय पथक सुटलंय म्हणं. नोंदणी नसली की गाडी थेट तहसीलच्या आवारात!"

मी ते ऐकलं मात्र, न्हावी दचकून म्हणाला, "शेठ, हलू नका, वस्तरा हाय हातात!"

मी हलत नव्हतो. मी थरथरत होतो.

दुसऱ्याच दिवशी गोरोबातात्यांच्या रानात बोअर मारायचा ठरला होता. नाही म्हणावं तर तात्या विरेशला फोन करणार, विरेश बहिणीला विचारणार आणि बहीण मला! पण आपलं डोकं अडचणीत जास्त चालतं. एकदम लख्ख उजेड पडला. उद्या रविवार! रविवारी सरकारला सुट्टी असते. रविवारी बोअर मारून घ्यायचा, गाडी दडवायची, सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन नूतनीकरण करायचं. ना कुणाला पत्ता, ना कुणाला खबर! असला बिनतोड बेत अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

गोरोबातात्यांचं रान तामलवाडीच्या पलीकडं, माळावरच्या धनगरवस्तीला लागून आहे. वस्तीच्या वरच्या अंगाला खंडोबाचं छोटंसं देऊळ, तिथून खाली उतरणारा कच्चा रस्ता आणि रस्त्याच्या कडेला तात्यांचं रान. तात्या शिस्तीचे. बोअरसाठी स्वतःला लागणारी परवानगी त्यांनी कधीच काढून ठेवली होती. मला बघितल्या बघितल्या त्यांचा पहिला प्रश्न,

"गाडीची कागदं हायती नव्हं सगळी?"

"झालं समजा, तात्या!"

गाडीवर ऑपरेटर चाँदपाशा. विरेशच्या वेळेपासूनचा माणूस. जगबुडी आली तरी हा आधी तंबाखू मळणार, मग पाण्याकडं बघणार. त्यानं गाडी नीट लावली, रीतीप्रमाणं मास्टच्या शेंड्याला लाल फडकं बांधलं आणि मास्ट वर घेतला. मास्ट म्हणजे गाडीच्या पाठीवर आडवा झोपलेला असतो तो लांबलचक लोखंडी खांब. बोअर मारायच्या वेळी तो उभा करतात. उभा राहिला की शेजारच्या गावातूनही दिसतो. मग नारळ झाला, लिंबू झालं, हळदकुंकू झालं आणि चाँदपाशानं दांडी ओढली.

काहीच झालं नाही.

त्यानं पुन्हा ओढली. मग खाली वाकून बघितलं, कान लावून ऐकलं आणि सावकाश खिशातून चुन्याची डबी काढली.

"मालक, हायड्रॉलिकका वॉल्व्ह अटक्या."

"म्हणजे?"

"म्हणजे दाब न्हाय. बोअर होता नै."

"मग मास्ट खाली घे. गाडी घरी नेऊ."

"वही तो बोल्या मालक. मास्ट बी नीचे आता नै."

तेवढ्यात माझा फोन वाजला. महांतप्पा वायरमनचा होता. हा माझा जिवलग दोस्त. रविवारी त्याचा मुक्काम फाट्यावरच्या हॉटेलात असतो.

"मल्लू, कुठाइस? बोअर तपासायच्या पथकाची जीप फाट्यावर हाय. एक मॅडम हायती. च्या पेत्यात अन वस्तीकडं बोअरची गाडी गेली का म्हणून विचारत्यात!"

"अरे, पण आज रविवार आहे!" मी किंचाळलो.

"मग म्या सांगू का त्यास्नी?"

माझ्या घशाला कोरड पडली. गावोगाव पाणी काढून देणाऱ्या माणसाच्या घशाला कोरड! डोळ्यांपुढं एकेक चित्र यायला लागलं. तहसीलच्या आवारात धूळ खात उभी असलेली गाडी. ते ऐकून खाटेवर उठून बसायचा प्रयत्न करणारा विरेश. आणि दारात उभी असलेली ज्ञानेश्वरी, काही न बोलता! त्यातलं ते "काही न बोलता" मला सगळ्यात भयंकर वाटलं.

"चाँदपाशा, काहीतरी कर बाबा!"

त्यानं वॉल्व्हला हातोडीचे दोन ठोके दिले. वॉल्व्ह ढिम्म. मी गाडीला लाथ घातली. गाडी ढिम्म, माझा अंगठा सुजला.

"मास्ट वर असू दे, तशीच पळव गाडी!"

"उप्पर लाइट के तारा हैं, मालक. लगे तो तुम बी गये, मैं बी गया."

गोरोबातात्यांना या घाईचं कारण कळलं नव्हतं, पण मदतीला ते कधी मागं नसतात. "झाकायची आसंल तर कडब्याखाली झाका की," ते म्हणाले. बोअरच्या गाडीबरोबर हवेच्या दाबासाठी कॉम्प्रेसरची दुसरी गाडी असते, ती आम्ही त्यांच्या गोठ्यामागं दडवली आणि बोअरच्या गाडीच्या चाकांवर कडबा टाकला. पण वर आभाळात गेलेला खांब कशानं झाकायचा?

"म्हणायचं, लाईटचा खांब हाय," तात्या म्हणाले.

"लाल फडकं बांधलेला?"

फाट्याच्या बाजूला लांब धूळ उठलेली दिसली, रानारानाशी थांबत थांबत पुढं सरकणारी. आता पळून सरळ सोलापूर गाठावं की आधी उसात बसावं, एवढाच प्रश्न उरला होता. आणि तेवढ्यात वरच्या बांधावरून खणखणीत आरोळी आली,

"येळकोट येळकोट! जय मल्हार!"

हरणाआज्जी! वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. शेरडं राखता राखता बांधावर थबकली होती. हातातली काठी खाली पडलेली, दोन्ही हात जोडलेले, नजर आमच्या मास्टच्या शेंड्यावर आणि डोळ्यांतून धारा.

"काठी उभी राह्यली गं बाई! देवाची काठी उभी राह्यली!"

त्याचं असं आहे. या वस्तीच्या खंडोबाची पूर्वी चैत्रातल्या एका रविवारी काठी निघायची. उंच बांबूची काठी, शेंड्याला लाल फडकं, हलगीच्या तालावर देवळापर्यंत मिरवत न्यायची आणि शिखराला टेकवायची. पुढं काठीला वाळवी लागली. नवी कुणी आणायची यावरून भाऊबंदकीत भांडणं झाली आणि यात्राच बंद पडली. हरणाआज्जी मात्र दर चैत्रात त्या रविवारी एकटीच देवळात जायची, भंडारा उधळायची आणि गप घरी यायची. आज नेमका तोच रविवार होता!

"मल्लिनाथा, तू आणलीस व्हय रं काठी?" आज्जीनं बांधावरूनच विचारलं. "देवाला भेटवायची का? खरं सांग."

मी वर बघितलं, खाली बघितलं, धुळीकडं बघितलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर अख्खी काठी मिळाली होती!

"झालं समजा, आज्जी!"

म्हातारीच्या पायाला भिंगरी लागली. बघता बघता सगळी वस्ती रानात लोटली. बायांनी पेटीतली ठेवणीतली लुगडी आणून गाडीला गुंडाळली. कुणी आंब्याचे डहाळे बांधले, कुणी झेंडूच्या माळा लावल्या. नंबरप्लेटवर कुणीतरी भक्तिभावानं उपरणं टाकलं. कुणीतरी म्हणजे मीच! मग भंडारा असा उधळला, की गाडी, चाँदपाशा आणि तात्यांचा बैल सगळे एकाच पिवळ्या रंगाचे दिसायला लागले. हलगी आली, टेम्पोत घालून स्पीकर आला, पोरं मोबाईल धरून व्हिडिओ काढायला लागली.

गाडी कुठं आहे ते मलासुद्धा दिसेना. मला एकदम हायसं वाटलं. आता पथक येईल, काठीला हात जोडेल आणि आल्या वाटेनं जाईल!

"मल्लिनाथ, ते समदं ठीक हाय," गोरोबातात्या माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पर बोअर कवा मारायचा?"

त्यांना मी कसाबसा गप्प केला, तोवर हरणाआज्जी समोर येऊन उभी राहिली.

"चला आता. लई येळ झाला."

"कुठं, आज्जी?"

"आरं, देवळाकडं! काठी काय रानात ठिवायची व्हय? शिखराला भेटवाय नगं? एकदा उभी केलेली काठी देवाला भेटल्याबिगर खाली ठिवली तर देवाचा कोप हुतो. अन कोप आधी कुणाच्या घरावर हुतो? ज्यानं काठी उभी केली त्याच्या!"

रस्त्यानं मॅडम येतायत, वर खंडोबा बसलाय आणि दोघांच्याही तावडीत मी एकटा. इकडं आड तिकडं विहीर! आमच्या धंद्यात खरं तर विहीर म्हटली की माणसाला आनंद होतो, पण त्या दिवशी झाला नाही.

"आज्जी, वाटेत लाईटच्या तारा आडव्या आहेत," मी शेवटचा प्रयत्न केला.

"मग लाव की महांतप्पाला फोन!" सगळी वस्ती एका सुरात ओरडली.

लावला.

"महांतप्पा, वस्तीची लाईन बंद कर."

"केली."

"लगेच?"

"केली म्हंजी सबस्टेशनला फोन केलाय. बंद झाली आसंल. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय रे?"

"तू जा तर! नसंल झाली तर कळंलच की तुला."

फोन ठेवला. चाँदपाशा स्टिअरिंगवर बसला होता. शेजारच्या सीटवरचा भंडारा त्यानं हातानं झटकला आणि म्हणाला, "आओ मालक. मरे तो साथमें मरते."

मी चढलो. आयुष्यात एवढ्या जड पायांनी मी कुठल्याच गाडीत चढलो नव्हतो. पुढं हलगी, मागं बाया, बाजूनं पोरं आणि मधे आमची गाडी आभाळाला खांब टेकवून हळूहळू निघाली. तारा जवळ आल्या. मी डोळे मिटले. खंडोबाला हाक मारली, वीरभद्राला मारली, तुळजाभवानीला मारली. शेजारून चाँदपाशाचं "या अल्ला, या अल्ला" ऐकू येत होतं, म्हणजे तिकडंही अर्ज गेला होता. वर काहीतरी खर्रर्र घासलं.

काही झालं नाही. लाईन खरंच बंद होती! डोळे उघडून बघतो तर चाँदपाशाच्या मांडीवर सगळी तंबाखू सांडलेली. त्याची तंबाखू सांडलेली मी पहिल्यांदाच बघितली.

सुटलो म्हणतो न म्हणतो, तोच मागून हॉर्न वाजला. आरशात बघितलं. मिरवणुकीच्या शेपटाला पथकाची जीप लागली होती!

मॅडम खाली उतरल्या. बायांनी त्यांना काही विचारायच्या आत कपाळभर भंडारा लावला. त्याच पिवळ्या कपाळानं त्या शांतपणे चालत पुढं आल्या. मी केबिनमधून उडी मारली आणि हात जोडून आडवा उभा राहिलो.

"कसली मिरवणूक आहे?"

"खंडोबाची काठी, मॅडम. फार जुनी परंपरा आहे."

"अरे वा." त्यांनी मान वर केली. "काठी लोखंडी आहे का?"

"लाकडाला वाळवी लागते, मॅडम."

"हो, तेही खरंच. आणि खाली हे काय आहे?"

"रथ!"

"रथाला डिझेलचा वास येतोय."

"आता बैल कुठं राहिलेत, मॅडम!"

मॅडम हसल्या की नाही ते मला कळलं नाही.

"इकडं बोअरची गाडी आल्याचं कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही रविवारीच निघतो. ज्यांची कागदपत्रं नसतात ते सगळे रविवारीच बोअर मारतात."

"असं करतात लोक?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "काय दिवस आलेत!"

नेमके त्याच वेळी गोरोबातात्या गर्दीतून वाट काढत आले. "मल्लिनाथ, ह्ये समदं ठीक हाय, पर बोअर कवा मा..."

"येळकोट येळकोट!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. वस्तीनं "जय मल्हार!" असा गजर केला आणि तात्यांचा प्रश्न त्यात वाहून गेला. माझा आवाज मात्र तेव्हापासून बसला तो बसलाच.

मिरवणूक देवळापाशी आली. देऊळ ठेंगणं, हात वर केला की शिखर लागेल एवढंच. चाँदपाशानं गाडी देवळाकडं तोंड करून आणली. हरणाआज्जीनं मॅडमच्या हातात नारळ दिला. "बाई, तुमी लेकीबाळीवानी देवाच्या दारात आलायसा, तुमीच फोडा," असं म्हणाली आणि स्वतः पुढं जाऊन देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. बरोबर गाडीच्या पुढं!

चाँदपाशानं गाडी जरा पुढं घेतली. पुढचं चाक देवळापुढच्या नालीत धाडकन आदळलं. आणि गाडीच्या पोटातून आवाज आला, "फुस्स्स!"

तो आवाज मी ओळखला. अडकलेला वॉल्व्ह सुटला होता.

मास्ट झुकायला लागला. हळूहळू, देवळाच्या दिशेनं, लुगड्यांसकट.

"काठी नमली!" कुणीतरी ओरडलं. "काठी आपसूक देवाला नमतीया!" झालं! सगळ्या वस्तीचे हात जोडले गेले. बाया रडायला लागल्या. जागचं कुणी हलेना.

"मालक, रुकता नै!" चाँदपाशा मागं धावून दांडीला लोंबकळत ओरडला.

आणि खाली पायरीवर आज्जी डोकं टेकून तशीच बसलेली.

देवाशपथ सांगतो, त्या वेळी मला पथक दिसलं नाही, जप्ती दिसली नाही, ज्ञानेश्वरीसुद्धा दिसली नाही. दिसलं ते फक्त पायरीवरचं पांढरंशुभ्र डोकं. आजवर एवढा मी कधी भ्यालो नव्हतो. मी धावलो आणि बसलेल्या आवाजात जीव खाऊन ओरडलो,

"आज्जे, बाजूला हो! काठी न्हाय ती! बोअरची गाडी हाय माझी! निस्तं लोखंड हाय, मरशील!"

तिला उचललं, बाजूला झेप घेतली आणि आम्ही दोघंही भंडाऱ्याच्या ढिगात जाऊन पडलो. म्हातारी कोकरासारखी हलकी होती.

मास्ट खाली आला आणि केबिनच्या टपावर, रोज जिथं बसतो त्या बेचक्यात, गुपचूप येऊन बसला. त्याचं पुढं आलेलं टोक शिखरापासून वीतभर अलीकडं थांबलं आणि लाल फडकं वाऱ्यानं उडून कळसाला जाऊन टेकलं.

"मालक," चाँदपाशा खाली उतरत म्हणाला, "मास्ट तो रोज केबिनपेच बैठता. नीचे किसकू लगता?"

रोज बघतो मी ते! रोज! पण भीतीनं डोकं चालेल तर शपथ.

हलगी थांबली होती. सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. मॅडमच्या हातात नारळ तसाच होता.

"बोअरची गाडी," त्या हळूच म्हणाल्या.

मी उठलो. आज्जीकडं बघायची हिंमत होत नव्हती. "आज्जी, चुकलं माझं. मी तुला फसवलं."

आज्जीनं लुगडं झटकलं.

"मला म्हाईत न्हाय व्हय रं? परवा तूच की गोरोबाच्या रानात बोअरची जागा बघत हिंडत हुतास! डोळं अधू झालेत माझं, अक्कल न्हाय. वर्सामागून वर्सं गेली, ह्या वस्तीत कुणी येक बांबू आणला न्हाय. तू लोखंडाची का हुईना, काठी आणलीस. देवाला भेटली. देवाला चालली, मग तुला काय धाड भरलीया?"

मी वाकून आज्जीच्या पाया पडलो.

"गाडीचा नंबर दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मी जाऊन नंबरप्लेटवरचं उपरणं काढलं. मॅडमनी मोबाईलवर नंबर टाकला. माळावर रेंज कमी. पडद्यावर ती गोल चकती फिरायला लागली. फिरतेय, फिरतेय! विरेशला काय सांगायचं, कुठल्या तोंडानं सांगायचं, याची जुळवाजुळव मी मनात करत होतो आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

"नोंदणी चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

"अं?"

"गेल्याच महिन्यात नूतनीकरण झालंय. सगळं व्यवस्थित आहे. प्रमाणपत्र गाडीत ठेवत चला, एवढंच."

"पण कुणी केलं?" मीच मॅडमना विचारलं.

"मी केलं," मागून आवाज आला.

गर्दी बाजूला झाली. ज्ञानेश्वरी! हातात नैवेद्याचं ताट. काठी उठल्याचा व्हिडिओ तामलवाडीत घरोघर पोचला होता आणि त्या व्हिडिओत गाडीत बसून डोळे मिटलेला नवराही तिला दिसला होता.

"तुमी 'झालं समजा' म्हणालात, तवाच मी समजले का हे आता हुईत नसतंय. विरेशच्या सह्या घेतल्या अन जाऊन करून आले."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"तुमाला आठवण कधी हुतीया, ते बघत हुते."

मी तिथंच मटकन खाली बसलो. म्हणजे मी दाढीच्या खुर्चीत थरथरलो ते फुकट, तारांखाली मेलो ते फुकट, घसा फाडला तोही फुकट! पण मग एकदम आनंदाचं भरतं आलं. गाडी वाचली होती! दोन्ही घरं वाचली होती! मी बसल्या जागेवरून "येळकोट" केलं, हलगी कडाडली, मॅडमनी नारळ फोडला. वस्तीतल्या जाणत्यांनी फेटा आणून माझ्या डोक्याला बांधला, गळ्यात हार घातला. स्पीकरवर घोषणा झाली, "वर्षानुवर्षे बंद पडलेल्या काठीचे आयोजक, आपले लाडके मल्लिनाथ शेठ यांचा सत्कार होत आहे!"

मी हात जोडून चारी दिशांना वाकलो.

मॅडमनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. मिरवणुकीची परवानगी कुणाच्या नावावर आहे?"

हलगी पुन्हा थांबली.

"परवानगी?" मी म्हणालो.

"रस्ता अडवलाय, स्पीकर लावलाय, लाईन बंद करायला लावलीत. पोलीस ठाण्याची परवानगी लागते ना? आयोजक कोण आहेत?"

मी घाईघाईनं डोक्यावरचा फेटा सोडायला घेतला. पण अख्ख्या वस्तीनं एकाच वेळी, छाती फुगवून, माझ्याकडं बोट दाखवलं. स्पीकरवाल्यानं तर माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि कुणी मागितला नसताना मोबाईल नंबरही सांगितला!

नोंदणी असलेली गाडी लपवण्यासाठी मी बिनपरवाना मिरवणूक काढली होती.

सोमवारी सकाळी मी ठरल्याप्रमाणं ऑफिसात गेलो. फक्त ऑफिस दुसरं होतं. ठाण्यातल्या बाकावर बराच वेळ बसवून साहेबांनी मला समज दिली आणि पुढच्या वेळी अर्ज आधी द्यायचा, असं लिहून घेतलं. कारण पुढची वेळ येणार हे ठरलंच होतं. वस्तीनं बैठक घेऊन काठीचा मान कायमचा आमच्या गाडीला दिला होता. गोरोबातात्यांचा बोअर नंतर झाला, पाणीही बरं लागलं. हरणाआज्जी त्या पाण्याला काठीचा प्रसाद म्हणते आणि त्यावर तात्यांचं काही चालत नाही.

परवा वस्तीवरून आज्जीचा फोन आला. "मल्लिनाथा, चैत्र जवळ आला. काठीची परवानगी काढलीस का?"

"झालं समजा, आज्जी!" मी फोनवर म्हणालो.

आत ज्ञानेश्वरी चहा करत होती. तिनं गॅस बंद केला, पायात चपला घातल्या आणि काही न बोलता परवानगी काढायला निघून गेली.